बिअर आत, माती बाहेर

अलास्काला जाऊन आले म्हटल्यावर मंडळातल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो अस्वलाचा. अस्वल दिसलं नाही. आकाशात हिरवे झोत हलतात म्हणे, तेही दिसले नाहीत, कारण मी नऊला झोपत होते. मी आठ दिवस पाहिला तो एक विमानतळ. आणि त्या आठ दिवसांत जितकी चिडले, तितकी लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत चिडले नसेन. आमचे हे म्हणतात, हे वाक्य छापायला देण्याआधी तपासून घे.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे मला मान्य आहे. न्यू जर्सीत पार्सिपनीजवळच्या एका मोठ्या दुकानात मी परत आलेल्या मालाच्या काउंटरवर काम करते. कुणाची इस्त्री तापत नाही, कुणाच्या बुटाचा तळ निघतो, आणि सगळे येऊन माझ्यावर ओरडतात. दिवसभर दुसऱ्यांचा राग ऐकून घेणाऱ्या बाईने स्वतःचा कुठे काढायचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सन शहाऐंशीचा मार्च. आमची मधुरा तीन वर्षांची असताना आम्ही या देशात आलो, आता ती पंचविशीला आलेली. पीएच.डी.साठी या मुलीने विषय घेतला गोठलेल्या मातीचा. तिकडे उत्तरेला जमीन खोलवर बारा महिने गोठलेलीच असते. तिच्यात यंत्राने भोकं पाडायची, आत निघेल ती माती तशीच्या तशी बाहेर काढायची आणि तिच्या थरांवरून जुनं हवामान वाचायचं. त्यासाठी ती दोन हिवाळे तंबूत राहिली होती. तिच्या बरोबरीच्या मुली पिस्कॅटवेला कॉम्प्युटरच्या कंपन्यांत लागल्या, त्यांनी गाड्या घेतल्या, दोघींची लग्नं झाली. ही उणे तीसमध्ये मातीला भोकं पाडते.

यंदा मी म्हटलं, मी येते बघायला. तिच्या कामाचा शेवटचा आठवडा होता, तो संपला की दोघींनी बरोबरच परत यायचं. खरं कारण असं, की मला तिला कायमचं परत आणायचं होतं. वाटेत गाठून सांगायचं, बाई, आता पुरे. मास्टर्सची पदवी आहेच, नोकरी धर. हे मी तिला बोलले नव्हते, पण तिला ते ठाऊक होतं.

पडदे ओढा

अँकरेजपर्यंतचा प्रवास कुठल्याही प्रवासासारखा, तो गाळते. त्यापुढचं विमान मात्र सांगण्यासारखं आहे. पुढच्या अर्ध्या भागात सामान आणि मागच्या अर्ध्या भागात माणसं. मध्ये जाळी. माझ्यापुढे अंड्यांचे ट्रे, डायपरचे गठ्ठे, दोन टायर आणि एक बाथटब. पुढचा मान बाथटबला. शेजारचा गृहस्थ अखंड सिगारेट ओढत होता. मी दोनदा खोकले, तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा त्याने हसून ती दुसऱ्या हातात धरली.

उतरायच्या आधी सूचना आली की सगळ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, खाली हवाई दलाचा तळ आहे. आता मी इतक्या लांब बघायला आले होते आणि ऐन बघायच्या वेळी पडदे. मी हवाईसुंदरीला विचारलं, "मी हेरासारखी दिसते का?" ती म्हणाली, "नाही मॅम, आम्ही सगळ्यांनाच सांगतो." पुण्यालाही लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आणि आपण पाहुणे, तिथेही फोटो काढू देत नाहीत. पण तिथे निदान आपलीच माणसं आपल्यावर डोळे वटारतात. मी पडदा चार बोटं उघडा ठेवला. पांढऱ्याशिवाय काही दिसलं नाही.

एक धावपट्टी, दोन मालक

विमानतळाचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. तिथल्या माणसांना माझ्यामुळे आधीच पुष्कळ त्रास झाला आहे.

धावपट्टी एकच. तिच्या पूर्वेला हवाई दल, म्हणजे मोठमोठे हँगर, पांढरे घुमट आणि अष्टौप्रहर सज्ज असलेली लढाऊ विमानं. कारण तिथून रशिया पार्सिपनीपेक्षा जवळ. पश्चिमेला आपण, म्हणजे नागरिक. आपल्या वाट्याला एक पत्र्याची खोली, आमच्या स्वयंपाकघरापेक्षा थोडी मोठी. त्यात एक रॉकेलची शेगडी, चार खुर्च्या, वजनकाटा आणि कॉफीचं भांडं. मधल्या काँक्रीटवर एक पिवळी रेघ. तिच्या पलीकडे आपण पाऊल टाकायचं नाही. गावात जायचा रस्ता बर्फाखाली गडप झाला होता, पण ती रेघ सैनिक रोज झाडून स्वच्छ ठेवत.

मी उतरले तोच वाऱ्याने माझा मफलर उडवला. तो रेघेपलीकडे पडला आणि मी तो उचलायला गेले. तर एक सैनिक बंदूक घेऊन ओरडत धावत आला. मी त्याला सांगितलं, हा मफलर माझ्या जावेने विणलेला आहे आणि तो अमेरिकेच्या सुरक्षेला धोका नाही. तेवढ्यात मधू धावत आली. फरच्या टोपीत तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"आई, आल्या आल्या? सीरियसली?"

तिने सैनिकाची माफी मागितली. मला ते आवडलं नाही.

तिच्यामागे विली होता. साठीचा माणूस, बुटका, चेहरा वाऱ्याने तांब्याच्या भांड्यासारखा झालेला. आपल्या बाजूचा विमानतळ म्हणजे विलीच. तिकीट तोच फाडतो, टपाल तोच घेतो, सामान तोच उतरवतो, शेगडीत तेलही तोच घालतो. एस्किमो म्हणायचं नाही, इन्युपियाक म्हणायचं, हे मधूने मला फोनवरच बजावलं होतं. ही माणसं बोलतात कमी. 'हो' म्हणायचं असलं की नुसत्या भुवया वर करतात, 'नाही' असलं की नाक मुरडतात. आपल्याकडे मान इतकी हलते, की हो आणि नाही परक्याला कळत नाही. त्यांचं चोख असतं, पण मला ते उद्धट वाटलं. मी म्हटलं, "प्रवास फार त्रासाचा झाला." विलीने भुवया वर केल्या. संपलं संभाषण.

मी विलीच्या घरी राहिले. त्याची बायको ॲग्नेस मोठी गोड बाई. पहिल्या संध्याकाळी तिने माझ्यापुढे सुका मासा ठेवला. मी वेंगुर्ल्याची. गेली वीस वर्षं पार्सिपनीत बंद खिडक्यांमागे चोरासारखा बोंबील भाजणारी मी, त्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. सोबत घरून नेलेलं लिंबाचं लोणचं काढलं तर ते बाटलीत दगड झालेलं. ॲग्नेसने ते शेगडीवर ठेवून सोडवलं, चाखलं आणि भुवया वर केल्या. त्या आठ दिवसांत मी न भांडता बसले ती फक्त त्या बाईच्या ओट्यापाशी.

श्वास सोडू नकोस

रविवारी विलीने मला स्नोमोबाइलमागच्या घसरगाडीत कांबळ्यांत गुंडाळून मधूच्या तंबूपर्यंत नेलं. वीस मैल. झाड नाही, दगड नाही, वर खाली सगळं दुधासारखं. माझी मुलगी या दुधात दोन हिवाळे काढते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर माझा संताप झाला. तिच्यावर, तिच्या प्राध्यापकावर आणि 'मुलीला हवं ते शिकू दे' म्हणणाऱ्या तिच्या बापावरही.

ती यंत्र चालवत होती. विली आणि ती मिळून लोखंडी नळी जमिनीत घालत आणि वर काढत. नळीतून मातीची लांब कांडी निघाली, उसाएवढी जाड. मधूने ती पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत घातली आणि मला जवळ बोलावलं. काळ्या मातीत बर्फाच्या बारीक रेघा, मध्येच गवताची काडी, अगदी काल तुटल्यासारखी.

"ही काडी बघ. हे गवत वाढलं तेव्हा इथे हत्ती होते, आई. केसवाले. प्रत्येक लेअर म्हणजे एक गोष्ट आहे, आणि ऑर्डर बिघडली तर गोष्टच नाही."

मी नीट बघायला वाकले. तिने नळी झटकन मागे घेतली.

"श्वास सोडू नकोस त्याच्यावर. प्लीज. गरम लागता कामा नये."

पोटच्या पोरीने आईला श्वास सोडू नकोस म्हणावं. मी मागे सरले आणि घसरगाडीत जाऊन बसले. पण एक सांगते, आज सांगायला लाज वाटत नाही. ती नळी हातात धरून उभी होती तेव्हा मला ती इतकी मोठी वाटली की नोकरीचा विषय मी त्या दिवशी काढलाच नाही.

दोन हिवाळ्यांची अशी सात खोकी भरली होती. गेल्या हिवाळ्यातलीही तिने तिथेच गोठलेल्या जमिनीत खोल पुरून ठेवली होती, सगळी एकदम न्यायची म्हणून. न्यू जर्सीला गेल्यावर ती कापून तपासायची, त्यावर प्रबंध लिहायचा. त्या सात खोक्यांबाहेर तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

खोक्यांची राखण

गुरुवारी परतीचं विमान होतं. सकाळी खोकी विमानतळावर आणली आणि कळलं, विमान येणार नाही. हवाई दलाचा सराव आहे, धावपट्टी दोन दिवस त्यांची. आम्हाला कुणी आधी सांगितलं नाही. गावात एका म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तिची तारीख चुकली. ती नाक मुरडून घरी गेली. मी मात्र विलीला विचारलं, "यांनी कळवायला नको?" तो म्हणाला, "ते कळवत नाहीत." एवढंच. या माणसांना राग कसा येत नाही, याचाच मला राग आला.

विलीने ती सात खोकी उचलून पत्र्याच्या खोलीमागे, उत्तरेच्या भिंतीला लावून उघड्यावर ठेवली आणि फावड्याने वर बर्फ लोटला. मी म्हटलं, "असंच बाहेर ठेवणार?" त्याने भुवया वर केल्या. मधू घाईत होती. दोन दिवस मिळालेत तर विलीला घेऊन तंबू आणि यंत्र आजच उचलून आणते म्हणाली, म्हणजे मागाहून विलीची एक फेरी वाचेल. उद्या संध्याकाळपर्यंत परत.

"आई, तू फक्त बस. बॉक्सेसकडे लक्ष ठेव. काही करू नकोस, ओके? नथिंग."

गेली. मी खिडकीशी बसले, कॉफी प्याले आणि त्या 'नथिंग'वर विचार करत राहिले. पन्नाशीच्या बाईला सांगायची ही रीत नव्हे.

दुपारी हवाई दलाचं एक मालवाहू विमान आलं. त्यांच्यासाठी धावपट्टी मोकळीच. पाठीमागचं दार उघडलं आणि सैनिक सामान उतरवू लागले. बिअरची खोकी. सोड्याचे कॅन. लेट्यूस. आणि ते सगळं कसं उतरवत होते म्हणता? वर जाड रजया घालून. विमानाच्या दारापासून हँगरच्या दारापर्यंत, वारा लागू नये म्हणून चौघेजण दोन्ही बाजूंनी रजया धरून. लग्नात अंतरपाट धरत नाहीत इतक्या काळजीने. आणि इकडे माझ्या मुलीची दोन वर्षं उघड्यावर, बर्फाखाली, कचऱ्यासारखी. त्यातच त्यांची बर्फ लोटायची गाडी आली आणि आमच्या खोक्यांवर आणखी एक ढीग टाकून गेली.

माझं डोकं फिरलं. मी कोट चढवला आणि थेट पिवळ्या रेघेवर जाऊन उभी राहिले. पलीकडे नाही, रेघेवर. हातातली यादी बघत एक सार्जंट उभा होता, चाळिशीचा, लाल मानेचा, च्युइंगगम चघळणारा. त्याला हाक मारली.

"हे सामान कोणाचं?"

"बेसचं, मॅम. बिअर, सोडा, भाजी."

"आणि ते?" मी मागे बोट दाखवलं.

"ते सिव्हिलियन सामान. विलीने ठेवलंय."

"त्याला आत जागा नाही?"

"आमच्या हँगरमध्ये सिव्हिलियन सामान घेत नाही, मॅम. आहे काय त्यात?"

"माती."

"माती?" तो हसला. मागचा एकजणही हसला. "मॅम, तुम्हाला माती आत ठेवून हवीय?"

त्या हसण्याने सगळा घोटाळा केला. पुढची दहा मिनिटं मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण थोडक्यात असं. या काँक्रीटमध्ये माझा कर आहे. ही धावपट्टी तुमच्या वडिलांची नाही. तुमची बिअर रजया पांघरून आत जाते आणि माझ्या मुलीची विद्या कुत्र्यासारखी बाहेर राहते. आम्ही तुमच्यासारखे दिसत नाही म्हणून आमच्या वस्तू बाहेर का? त्या म्हातारीचं विमान तुम्ही हिरावलंत, तिने ऐकून घेतलं, मी ऐकून घेणार नाही. तुमच्या वरिष्ठांचं नाव द्या, मी न्यू जर्सीच्या सिनेटरला पत्र लिहिते. मी खरंच लिहीन, हे त्याला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

सार्जंटने च्युइंगगम चघळायचं थांबवलं. कोपऱ्यात जागा आहे म्हणाला, सराव संपेपर्यंत ठेवू, पण सही करावी लागेल. त्याने फळीवर कागद लावला. मग पेन देता देता विचारलं, "नक्की आत हवीत, मॅम?"

"मी इंग्रजीच बोलतेय ना?"

त्याने पेन दिलं. खोकी हलवताना मी रेघेवरून आत बघून घेतलं, मी काही अगदी आंधळी नव्हते. हँगरची दारं सताड उघडी होती, एक विमान ओढून बाहेर काढत होते, आतल्या माणसांच्या तोंडून वाफा निघत होत्या. बाहेरइतकंच गार. शिवाय छप्पर, कुलूप आणि पहारा. मी समाधानाने परत येऊन कॉफी गरम केली. ॲग्नेसला त्या रात्री काही बोलले नाही, कारण ही बातमी पहिल्यांदा मधूला सांगायची होती.

चष्मा

शुक्रवारी उजेड असतानाच ती दोघं परत आली. मधूच्या भुवयांवर बर्फ जमला होता. ती सरळ खोलीच्या मागे गेली आणि परत आली.

"आई, बॉक्सेस कुठेत?"

"आत," मी म्हणाले. किती ऐटीत म्हणाले असेन. "भांडून आत ठेवून घेतली. सही करून. तू म्हणालीस नथिंग, पण कुणीतरी बघायला हवं ना?"

"आत म्हणजे? इनसाइड कुठे?"

"हँगरमध्ये. त्यांच्या बिअरच्या शेजारी."

ती धावत सुटली. पिवळी रेघ ओलांडून धावली, बंदूकवाला ओरडला, ती थांबली नाही. मी तिच्यामागे, विली माझ्यामागे. त्या सार्जंटने बंदूकवाल्याला हात केला आणि हँगरचं लहान दार उघडलं. मी आत पाऊल टाकलं आणि माझा चष्मा पांढरा झाला. काही दिसेना. तेव्हाच मला कळलं. काचा पुसायच्या आधीच कळलं.

आत माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात काम करत होती. छतातून मोठाले पंखे गरम हवा खाली फेकत होते. भिंतीवरचा काटा पासष्ट फॅरेनहाइटवर होता, शून्याच्या वर पासष्ट. आमच्या दिवाणखान्यात ठेवतो तितकंच.

मधूने पहिल्या खोक्याचं झाकण काढलं आणि एक नळी उचलली. तिरपी केली. आतलं काळं पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे वाहत गेलं, चहाच्या गाळासारखं. गवताच्या काड्या वर तरंगल्या. तिने दुसरी नळी उचलली, मग तिसरी. मग दुसरं खोकं उघडलं. सातही उघडली.

आणि मी काय केलं? मी सार्जंटवर ओरडले. तुम्ही हीटर लावलाच कसा, आम्हाला सांगितलं का नाही, ही अडाण्यांची फौज आहे का. तो ऐकून घेत उभा राहिला. मग फळीवरचा कागद घेऊन आला आणि मला माझी सही दाखवली.

"मी विचारलं होतं, मॅम," तो म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. "बिअर बाहेर ठेवली तर गोठून फुटते. म्हणून आत ठेवतो. बाहेर खराब होतं तेच आत आणतो."

"आई, स्टॉप," मधू म्हणाली. "प्लीज. स्टॉप."

विली खोक्यांकडे बघत होता. आठ दिवसांतलं सगळ्यात मोठं वाक्य तो तेव्हा माझ्याशी बोलला. "उत्तरेची भिंत," तो म्हणाला. "तिथे ऊन कधी येत नाही. ती चांगली जागा होती."

त्या पूर्ण विमानतळावरची सगळ्यात चांगली जागा त्या माणसाने माझ्या मुलीला दिली होती, वर बर्फाचं पांघरूण घालून. मी ती कचऱ्याची जागा समजले. आयुष्यभर आम्ही बाहेर ठेवलेलं म्हणजे टाकलेलं आणि आत घेतलेलं म्हणजे मान दिलेलं, एवढंच शिकलो. पाहुणा आत, भिकारी बाहेर. चांगल्या चपलासुद्धा आत. या हिशोबाने मी भांडले आणि भांडण जिंकले.

त्या संध्याकाळी मधूने विलीच्या खोलीतून प्राध्यापकांना फोन लावला. मी शेजारी बसले होते. ती इंग्रजीत म्हणाली, "सॅम्पल्स गेली. सगळी. नाही, हवाई दलाची चूक नाही. माझी. मी नीट सूचना दिल्या नव्हत्या."

मी म्हटलं, "फोन इकडे दे, मी सांगते." तिने माझ्याकडे पाठ केली आणि बोलत राहिली. यंत्र भाड्याचं होतं, पुढच्या शुक्रवारच्या विमानाने ते परत जायलाच हवं. तोवर मिळेल तेवढं काढ, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, खात्री देत नाही. सहा दिवसांत फार तर दोन खोकी होतील, असं ती फोन ठेवल्यावर विलीला म्हणाली. विलीने भुवया वर केल्या आणि स्नोमोबाइलमध्ये तेल भरायला गेला. त्या माणसाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि मला ते सहन होईना.

शनिवार

धावपट्टी मोकळी झाली. विमान आलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणारी म्हातारी आली, तिने माझा हात धरला आणि बाजूला बसवून घेतलं. मधू तंबू पुन्हा घसरगाडीवर बांधत होती. मी तिच्यापाशी गेले.

"मी राहते," मी म्हटलं. "स्वयंपाक करीन. नळ्या धरीन. श्वास सोडणार नाही."

"नको."

"मग निदान प्राध्यापकांना मी पत्र लिहिते. चूक कुणाची ते त्यांना कळायला हवं."

"आई, नको. तू गेलीस तरच माझं काम होईल."

दोरीची गाठ बसत नव्हती. मी टोक धरलं, तिने गाठ मारली. ती माझ्याकडे बघत नव्हती. कालपासून ती रडली नव्हती, तिने आदळआपट केली नव्हती, मला एक वाकडा शब्द बोलली नव्हती. मला ती शांतता नको होती. माझ्या घरात माणसं ओरडतात आणि मग जेवायला बसतात.

"मधू, मला बोल ना काहीतरी. चीड माझ्यावर. मी तुझी दोन वर्षं पाण्यात घातली. ओरड."

तिने हातमोजे चढवले.

"काय उपयोग?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मी ओरडले की तू ओरडणार. आणि मग तू जिंकणार. यू ऑल्वेज विन, आई. मी लहानपणापासून एकदाही जिंकलेली नाही. म्हणून तर मी इतकी लांब येते."

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असतं. तुझ्यासाठी भांडते, मी भांडले नसते तर त्या शाळेने तुला खालच्या वर्गात बसवलं असतं, मी भांडले म्हणून तुला ती शिष्यवृत्ती मिळाली. सगळं खरं होतं आणि सगळं जिभेवर आलं होतं.

मी दोरीचं टोक तिच्या हातात दिलं आणि विमानाकडे चालू लागले.

आमच्यात एक रीत आहे. जाणारं माणूस दिसेनासं होईपर्यंत पोचवणाऱ्याने थांबायचं, विमान असलं तर ते उडेपर्यंत. या देशात आल्यावरही आम्ही ती मोडलेली नाही. मी खिडकीशी बसले, पट्टा बांधला. पडदे ओढायची सूचना झाली, सगळ्यांनी ओढले, मीही ओढला. पण त्याआधी एकदा बाहेर पाहिलं होतं. पत्र्याच्या खोलीपुढे कुणी उभं नव्हतं. उत्तरेकडे स्नोमोबाइल चालली होती. विली पुढे, मधू मागे, पाठमोरी. तिने थांबायला हवं होतं, असं मला वाटलं नाही. जा, म्हटलं, लवकर जा, उजेड आहे तोवर.